तीन वर्षं रोज काढतोय, पण कॉमिकचं नववं पान काही संपत नाही (ठाणे / नवी मुंबई)

रेघोट्या_वर्तकनगर

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी ठाण्याचा, वर्तकनगर, वय २४, नोकरी वाशीला अकाउंट्समध्ये. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्हीत बी ग्रेड, विषय संपला. तीन वर्षांपूर्वी परत पेन्सिल हातात घेतली आणि तेव्हापासून रोज निदान अर्धा तास काढतोच, ताप असला तरी, घरात लग्न असलं तरी. अकरा स्केचबुकं भरली. आई म्हणते रद्दीवाल्याला दे, निदान पेन्सिलींचे पैसे तरी सुटतील.

आता मुद्दा. मला कॉमिक करायचंय. म्हणजे सुरू केलंय. माझी आजी चेंदणी कोळीवाड्यातली, तिच्याकडून खाडीच्या गोष्टी ऐकत मोठा झालो, त्यातूनच एक मोठी गोष्ट डोक्यात आहे, 'खाडीचा राखणदार', साधारण २०० पानं, तीन भाग. कॅरेक्टर्स ठरलीत, नकाशा काढलाय, राखणदाराच्या भाल्याची चौदा डिझाइन्स आहेत (हो, चौदा). पानं किती झाली? आठ. आणि नववं गेल्या फेब्रुवारीपासून चालू आहे.

आठ पटापट झाली कारण त्यात धुकं, पाणी, भाला आणि चेहऱ्यांचे क्लोजअप आहेत. डोळे, थ्री-फोर्थ चेहरा, वाऱ्यावर उडणारे केस हे मी झोपेत पण काढतो. नवव्या पानावर काय आहे, तर आजी स्वयंपाकघरात विळीवर बसून बोंबील साफ करतेय, नातू दारात उभा आहे, दोघं बोलतात, तो चप्पल घालून बाहेर पडतो. सहा पॅनेल, म्हणजे सहा चौकटी. एवढं साधं पान आणि तिथेच माझी वाट लागलीय. सहा पॅनेलमध्ये सहा वेगळ्या आज्या. पहिल्यातली सत्तरीची, तिसऱ्यातली माझ्या आईएवढी, पाचव्यातली थेट आमच्या शाळेच्या हेडबाई. मागे नुसती भिंत, कारण स्वयंपाकघर मला येत नाही. त्यात काल लक्षात आलं की आठ पानांत एकाही माणसाचा हात दिसत नाही, सगळ्यांचे हात खिशात, पाठीमागे नाहीतर धुक्यात. आता बोंबील साफ करणाऱ्या बाईचे हात खिशात कसे घालू?

आणि संवादाच्या फुग्यात मराठी मावत नाही तो वेगळाच शॉट.

तर विचारायचं हे की प्रॅक्टिस काय चुकतेय, रोज करूनही हे का होतंय, आधी वर्षभर अ‍ॅनाटॉमी पक्की करून मग कॉमिकला हात लावू का असंच रेटू, आणि इकडे आसपास कोणी हे करणारं आहे का, कारण ऑफिसात सांगितलं तर म्हणतात माझं पोर्ट्रेट काढून दे.

शाईचा_डाग

तुझी प्रॅक्टिस चुकत नाहीये, तू दुसऱ्याच गोष्टीची प्रॅक्टिस करतोयस. तीन वर्षं तू सुट्टं चित्र काढलंस. सुट्टं चित्र म्हणजे फोटोला पोज देणारा माणूस, एकदा चांगला दिसला की काम झालं. कॉमिकमधला माणूस सहा वेळा तोच दिसला पाहिजे, एकदा वरून, एकदा पाठमोरा, एकदा कोपऱ्यात नखाएवढा. ही वेगळी कला आहे भावा, आणि त्याची प्रॅक्टिस फक्त पानं करूनच होते.

माझं ऐकशील तर राखणदार कपाटात ठेव. फेकू नको, ठेव. ए-फोरचा एक कागद घे आणि त्यात आठ पानांचं पूर्ण कॉमिक कर. एकच कागद, एकच बाजू. आडवा धरून त्याचे आठ चौकोन पाड, चार वर चार खाली. मधली आडवी घडी आहे ना, ती फक्त मधल्या दोन घरांपुरती काप, मग लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकल, पुस्तक होतं. प्रत्येक पान ए-सेव्हन, म्हणजे ७४ बाय १०५ मिलिमीटर, खिशात मावतं. झेरॉक्सवाल्याकडे काळी-पांढरी कॉपी मारायची, स्टेपल पण लागत नाही. खालची ओळ डावीकडून ८, १, २, ३ अशी, वरची ७, ६, ५, ४. ८ म्हणजे मागचं कव्हर, १ पुढचं. उरली सहा पानं. त्या सहा पानांत आजीने बोंबील साफ केले पाहिजेत आणि नातू बाहेर गेला पाहिजे. भाला नाही, धुकं नाही, क्लोजअप जास्तीत जास्त एक.

मी असे नऊ केलेत. पहिले चार कोणाला दाखवायच्या लायकीचे नाहीत. पण संपलेत.

पारसिकची_खार

सहा आज्या 😂 अरे सॉरी पण हे सगळ्यांचं होतं रे.

तू चेहरा लक्षात ठेवतोयस, तिथेच घोळ आहे. आजी ओळखू यायला चेहरा लागतच नाही. मी घणसोलीला राहते, आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी मी गॅलरीतून फक्त डोक्याच्या अंबाड्यावरून आणि डावीकडे झुकत चालण्यावरून ओळखते. तर आधी तुझी आजी नुसती काळी भरून काढ, नाक-डोळे काही नको, आणि शेजारी नातू पण तसाच. दोघं सावलीसारखे काळे असतानाही लगेच ओळखू आले पाहिजेत. आजी बुटकी गोल, नातू उभा बांबू, एवढा ढोबळ फरक चालतो, उलट तोच लागतो. मग एका कागदावर तिला समोरून, बाजूने, पाठून, बसलेली, वाकलेली असं काढून ठेव, ती किती डोकी उंच आहे, म्हणजे तिच्या डोक्याच्या किती पट, ते मोजून लिही (माझ्या कॅरेक्टर्स साडेपाच डोक्यांच्या असतात, म्हाताऱ्या पाच), आणि तो कागद पान करताना समोर चिकटवून ठेव. याला मॉडेल शीट म्हणतात, अ‍ॅनिमेशनवाले याच्याशिवाय हलत नाहीत.

आणि तू ठाणे-वाशी करतोस ना रोज? मग तुझ्याइतकं नशीबवान कोणी नाही. ट्रान्स-हार्बरला दोन स्टेशनांमध्ये साधारण तीन-चार मिनिटं मिळतात. नियम असा की एका स्टेशनात एक माणूस. ऐरोली सुटली की सुरू, रबाळे आलं की पेन वर, संपलं, झालं तेवढं झालं. चेहरा काढायचाच नाही. दांड्याला लटकलेला हात, मांडीवर बॅग धरून झोपलेले काका, दारात एका पायावर रेललेलं पोरगं, नुसता झोक पकडायचा. झोपलेल्यांपासून सुरुवात कर, हलत नाहीत आणि रागावत पण नाहीत. कोणी बघतंय असं वाटलं तर खिडकीबाहेरचा डोंगर काढतोय असं दाखवायचं. मी दीड वर्ष हे केलंय आणि माझे हात (म्हणजे काढलेले हात) या एकाच सवयीने सुधारले, कारण लोकलमध्ये प्रत्येक माणूस काही ना काही धरूनच असतो.

नुसता_प्रेक्षक

चौदा भाले मस्त. एक आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी पाठव.

टॅब्लेटवाली_नेरुळ

शाईच्या डागाशी अर्धी सहमत, अर्धी अजिबात नाही.

छोटं कर हे बरोबर. पण राखणदार कपाटात ठेव हे मला पटत नाही. कपाटात ठेवलेलं परत निघत नाही हो, माझी एक मोठी गोष्ट २०१९ पासून कपाटात आहे, मध्ये लग्न झालं, मुलगी झाली, आता ती चार वर्षांची आहे आणि ती गोष्ट अजून कपाटातच. त्यापेक्षा २०० पानांचे थंबनेल कर. स्टॅम्पच्या आकाराचे, काडीची माणसं, एका ए-फोरवर सोळा पानं बसतात, म्हणजे अख्खं पुस्तक तेरा कागदांत. मुलगी झोपल्यावर मी रोज एक कागद करते. यातून तुला दोन गोष्टी कळतील. एक म्हणजे तुझी गोष्ट २०० पानांची आहे का मुळात (माझी १२० निघाली, बाकी सगळं माझं कौतुक होतं). दुसरं म्हणजे तुला न येणारी पानं कुठे कुठे आहेत. स्वयंपाकघर एकदाच येतंय का तीस वेळा? तीस वेळा असेल तर एकदा बसून शिकावं लागेल, एकदाच असेल तर आजीला अंगणात बसव आणि मोकळा हो. याला पळवाट म्हणू नका, डायरेक्टर पण लोकेशन बदलतात.

बाकी मी सगळं टॅबवर करते, क्रिता नावाचं चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरात लहान मूल असेल तर शाईची बाटली उघडायचा विचार पण करू नका.

शाईचा_डाग

टॅबवर शिकणाऱ्यांचा प्रॉब्लेम एकच, अनडू. रेघ चुकली की मागे. एकेक रेघ चाळीस वेळा मारतात आणि म्हणतात पान होत नाही.

टॅब्लेटवाली_नेरुळ

आणि शाईवाल्यांचा प्रॉब्लेम असा की जुलैमध्ये त्यांचा कार्ट्रिज पेपर पापडासारखा मऊ होतो, शाई फुटते, आणि मग ते सप्टेंबरपर्यंत फोरमवर सल्ले देतात.

शाईचा_डाग

😐

ठीक आहे हे खरंय. मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवतो.

निवृत्त_ब्रश

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा बराच मोठा आहे. जाहिरात क्षेत्रात तीस वर्षं काम केलं, सुरुवातीची बरीच वर्षं हाताने अक्षरं काढण्यातच गेली. ठाण्यात नौपाड्यात राहतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा उल्लेख 'विषय संपला' म्हणून केलात. मला वाटतं विषय तिथेच आहे. त्या परीक्षांत स्मरणचित्र नावाचा पेपर असतो, आठवतो का? बाजार, बसस्टॉप, पाणी भरणाऱ्या बायका, असा विषय द्यायचे आणि समोर काहीही न ठेवता काढायला लावायचे. मुलं पाठ केलेली तीच एक फुगेवाल्याची आकृती सगळीकडे चिकटवायची आणि बी ग्रेड घेऊन घरी जायची. (राग मानू नका.) पण व्यंगचित्र असो की तुमचं कॉमिक, सगळा धंदा स्मरणचित्राचा आहे. तेव्हा आता हे करून बघा. जांभळी नाक्याच्या बाजारात जा, वही-पेन्सिल न घेता. एका बाईकडे पाच मिनिटं नीट बघा, ती गाठोडं कसं सोडते, मेथीची जुडी कुठल्या हाताने उचलते, सुट्टे पैसे कुठे ठेवते. मग तिथून निघून तलावपाळीवर येऊन बसा आणि आठवून काढा. जिथे आठवणार नाही तिथे कागद कोरा सोडा, खोटं भरू नका. दुसऱ्या दिवशी जाऊन फक्त ती कोरी जागा बघून या. फोटो काढलात तर यातलं काहीच होणार नाही, कारण बघायचं काम मग मोबाईलच करतो.

दुसरी गोष्ट फुग्यांची. तुम्ही बहुतेक इंग्रजी कॉमिक बघून फुगा आधी काढता आणि मजकूर नंतर बसवता. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स यायची, १९६४ साली सुरू झाली आणि मराठीतही निघायची, वेताळ (म्हणजे फँटम) आम्ही मराठीतच वाचला. त्यात काही ठिकाणी फुग्यात अक्षरं अगदी दाटीवाटीने उभी असायची. रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. आपली शिरोरेघेला लटकतात, वर वेलांट्या-मात्रा-रफार, खाली उकार. 'पूर्वी कुठे' एवढंच लिहून बघा, वर-खाली किती जागा खाल्ली ते दिसेल. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा बरंच जास्त अंतर लागतं. हाताने लिहीत असाल तर प्रत्येक ओळीला तीन फिकट रेघा आखा, मात्रेची, शिरोरेघेची आणि उकाराची. आधी मजकूर लिहा, त्याभोवती फुगा काढा, आणि उरलेल्या जागेत चित्र. हा क्रम उलटा वाटेल, पण फुग्यामागे जे चित्र झाकलं जाणार ते तुम्ही आठ तास घालून काढता आहात.

शेवटचं म्हणजे बोलणं कमी करा. शि. द. फडणीसांची चित्रं बघा, खाली एक शब्द नसतो आणि लहान मूलसुद्धा हसतं.

रेघोट्या_वर्तकनगर

काका, फुगेवाला मीच काढायचो. दोन्ही परीक्षांना. तुम्हाला कसं कळलं 😭

सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. खारताई, आजपासून लोकल चालू केली, पहिल्याच दिवशी तुर्भ्याला एक काका जागे झाले आणि म्हणाले दाखव, दाखवलं, म्हणाले मी एवढा जाडा नाही, आणि सानपाड्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

काका, टाइप करून फुग्यात टाकतो तेव्हा अजून एक लोच्या होतो, फोटोशॉपमध्ये मराठी पेस्ट केलं की जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. हाताने लिहायचं तर माझं अक्षर डॉक्टरसारखं आहे. काय करू?

टॅब्लेटवाली_नेरुळ

फोटोशॉपचं जुनं व्हर्जन असेल तर त्यात सेटिंग असतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप म्हणून आहे, तिथे टेक्स्ट इंजिन वर्ल्ड-रेडी करायचं आणि प्रोग्रॅम बंद करून परत उघडायचा. युनिकोड फॉन्टच वापर, जुने टायपिंगवाले फॉन्ट नको. इंकस्केप फुकट आहे, त्यात काही न करता देवनागरी नीट बसतं, मी अक्षरं तिथेच करते. फॉन्ट म्हणून 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा 'बालू' वापरून बघ, जाडसर गोलसर आहे, फुग्यात छान दिसतो आणि मुक्त परवान्याचा आहे, म्हणजे छापून विकलंस तरी चालतं.

पण आवाज मात्र हाताने काढ प्लीज. फॉन्टमधला 'धडाम' बघवत नाही.

पारसिकची_खार

आवाजांवर माझा वेगळा धागा होईल खरं तर. लोक मराठी कॉमिक काढतात आणि त्यात बूम आणि क्रॅश लिहितात, मला रडायला येतं. आपल्याकडे आवाजांची खाण आहे रे. भांडं पडलं तर खणकन, पण स्टीलचं पडून फिरत राहिलं तर खणखणखण आणि शेवटी ण्ण्ण. फोडणी चर्रर्र. चप्पल सटक-सटक. मांजर सुळकन, पाल सर्रकन, माणूस धपकन, आणि तोच माणूस चिखलात पडला तर पचकन. ज्याला आवाजच नाही त्याला पण शब्द आहे, लुकलुक, लखलख, चिडीचूप. बोंबील साफ करताना काय आवाज होतो ते आजीच्या शेजारी बसून ऐक आणि तोच लिही.

आणि शिरोरेघ! इंग्रजीवाल्यांकडे ती नाहीच. 'खाडकन' काढताना ती रेघच तडकलेली काढ, 'सुळकन'ची लांब ओढून पॅनेलबाहेर ने, 'टपटप'ला तिच्यातूनच थेंब गळू दे. मी एकदा 'कंटाळा' असा काढला होता की शिरोरेघेवरून अक्षरं दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखी लोंबतायत.

नुसता_प्रेक्षक

रिक्षा मीटर टाकते तो आवाज काय?

पारसिकची_खार

तो आवाज ठाण्यात कोणी ऐकलाय?

बेलापूर_सेक्टर_आठ

उशिरा आलो. बॅकग्राउंडबद्दल कोणी काही बोललंच नाही म्हणून लिहितो, माझा तोच विषय, आर्किटेक्चर केलंय.

तुला स्वयंपाकघर येत नाही कारण तू 'स्वयंपाकघर' काढायला बसतोस. तुझ्याच घरचं स्वयंपाकघर वरून काढ, नकाशासारखं, ओटा कुठे, खिडकी कुठे, आजी कुठे बसते, दार कुठे. मग त्या नकाशावर सहा ठिकाणी छोटे कॅमेरे काढ, पॅनेल एक इथून, पॅनेल दोन तिथून. दार आजीच्या डाव्या हाताला असेल तर सहाही पॅनेलमध्ये तिथेच राहील. सध्या मला खात्री आहे तुझा नातू एका पॅनेलमध्ये डावीकडून बोलतो आणि पुढच्यात उजवीकडून, त्यामुळे वाचणाऱ्याला कोण कुठे तेच कळत नसणार. आणि डावीकडचा आधी बोलला पाहिजे, कारण आपण वाचतो डावीकडून.

दुसरं म्हणजे डोळ्यांची पातळी. क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. आजी जमिनीवर बसलीय, तर तू उभा राहून बघितलंस की ती लहान आणि बिचारी दिसते, तिच्याबरोबर खाली बसून बघितलंस की तीच खोली तिची होते आणि दारातला नातू मोठा, अवघडलेला दिसतो. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे नुसती भूमिती नाही.

सरावाला जागा हवी असेल तर रविवारी इकडे बेलापूरला ये. आर्टिस्ट व्हिलेज, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, मग अशी अंगणं मिळून मोठं अंगण. लोकांनी नंतर आपापल्या मनाने मजले चढवले, ग्रिल लावल्या, पत्रे टाकले, त्यामुळे आता एकही घर दुसऱ्यासारखं नाही आणि काढायला ते जास्त भारी आहे. अंगणात बसलं की पायऱ्या, उतरती छपरं, वाळत घातलेले कपडे, स्कूटर, तुळस, सगळं एका नजरेत. (व्हिलेजमध्ये आर्टिस्ट किती उरलेत हे विचारू नका.)

टॅब्लेटवाली_नेरुळ

मी येईन. लेकीला घेऊन येणार, तिला पण एक कागद द्या.

शाईचा_डाग

मी पण येतो. टॅब आणलात तर उन्हात स्क्रीन दिसत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

नवी_पेन्सिल_कळवा

फॉलोइंग. मी पण येऊ का? मी दहावीत आहे, फक्त अ‍ॅनिमे काढते.

पारसिकची_खार

ये गं. घरी सांगून ये, आणि आईला आणलंस तर अजून छान.

रेघोट्या_वर्तकनगर

महिन्याभराने लिहितोय. सांगण्यासारखं बरंच आहे.

बेलापूरला चौघं जमलो, काका पण आले, त्यांनी सगळ्यांच्या वह्या बघितल्या आणि माझ्या भाल्यांवर काहीही न बोलता पान उलटलं. ठीक आहे.

तर एका कागदाचं कॉमिक पूर्ण झालं. नाव 'बोंबील'. पेन्सिलने आधी ए-थ्रीवर मोठं काढलं, फिकट निळ्या पेन्सिलने, म्हणजे स्कॅन केल्यावर निळा चॅनल तेवढा ठेवला की त्या रेषा पांढऱ्यात विरून जातात, हे डागभाऊंनी शिकवलं. वर ०.१ आणि ०.५ च्या पेनने शाई. मग लहान करताना कळलं की ए-थ्रीवरचं ए-फोरला आणलं की सगळं साधारण ७० टक्के होतं आणि माझ्या ०.१ च्या बारीक बारीक सुरकुत्या झेरॉक्समध्ये गायब! आजी एकदम तरुण झाली. परत सगळ्या सुरकुत्या ०.३ ने मारल्या, आणि निम्म्याच मारल्या, आणि खरं सांगतो तशीच ती जास्त म्हातारी दिसते.

फुग्यांत मिळून एकूण सत्तावीस शब्द आहेत. आधी एकशे दहा होते.

शनिवारी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे वीस कॉपी मारल्या, घरी येऊन मस्त घड्या घातल्या, कापलं, ढकललं, पुस्तक झालं. उघडलं. पान दोन छान, तीन छान, चार उलटं. पाच उलटं. सहा, सात उलटं. नातू छताला चिकटून चप्पल घालतोय. डागभाऊ, वरची ओळ उलटी काढायची असते हे तुम्ही लिहिलं का नाहीत???

शाईचा_डाग

अरे देवा.

लिहायचं राहिलं. खरंच राहिलं. वरची ओळ डोकं खाली करून काढायची, घडी घातल्यावर ती फिरते. माझ्या पहिल्या चारमधल्या दोघांचं पण हेच झालेलं, म्हणून तर ते दाखवायच्या लायकीचे नाहीत.

टॅब्लेटवाली_नेरुळ

टॅबवर त्या ओळीतलं एकेक पान सिलेक्ट करून दोन सेकंदात जागच्या जागी फिरवता येतं. मी काही बोलत नाहीये. नुसतं सांगतेय.

रेघोट्या_वर्तकनगर

वर्तमानपत्रात कापून चिकटवायचे तसं कात्री-डिंकाने वरच्या ओळीतलं एकेक पान जागच्या जागी फिरवून नवा मास्टर केला, दुसऱ्या वीस कॉपी बरोबर आल्या. पहिल्या वीस पण टाकल्या नाहीत, ऑफिसात वाटल्या, एकाने विचारलं नातवाला भूत लागलंय का, मी हो म्हणालो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बरोबर आलेली पहिली कॉपी आजीला दिली. तिने चष्मा लावून पूर्ण वाचली, परत पहिल्यापासून वाचली, हसली वगैरे काही नाही. मग तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाली, बोंबील असा धरलास तर हातातून सटकेल, तो केवढा गुळगुळीत असतो, अशी नाय रं धरत. म्हटलं मग कसा? तर उठली, फ्रीजमधून मासळीचा डबा काढला, विळी घेतली आणि खाली बसून दाखवायला लागली. डाव्या हाताची दोन बोटं कुठे, अंगठा कुठे, पायाने विळी कशी दाबायची, सगळं. मी वही घेऊन समोर जमिनीवर बसलो (बेलापूरदादा, डोळ्यांची पातळी बरोबर). ती मुद्दाम हळू करत होती, मध्येच थांबून विचारायची, झाला का हा हात? मी अजून नाय म्हटलं की तसाच धरून ठेवायची.

चार पानं नुसते हात झालेत. तेवढ्यात आईने येऊन विचारलं, हे बोंबील आज करायचे होते का उद्या.

निवृत्त_ब्रश

ते हात इथे टाका. बाकी सावकाश.

रेघोट्या_वर्तकनगर

टाकतो काका, आज रात्री स्कॅन करतो. पानांना वास येतोय तेवढं समजून घ्या.